धुळीवरची एक जागा: खनिज कण थेंबात बर्फ कसा धरवतात, हे ताटलीवर मोजायची पद्धत

पाणी शून्य अंशाला गोठतं, हे आपण पाठ केलेलं असतं. त्यातलं अर्धंच खरं आहे. बर्फ शून्याला वितळतो, यात शंका नाही. पण द्रव पाणी शून्याला गोठेलच, याची हमी नाही. ढगातला काही मायक्रोमीटरचा स्वच्छ थेंब उणे १० ला, उणे २० ला, अगदी उणे ३५ लाही द्रव राहतो. साधारण उणे ३८ च्या आसपास मात्र त्याला स्वतःहून गोठावंच लागतं. शून्याखाली द्रव राहिलेल्या अशा पाण्याला अतिशीत पाणी म्हणतात. ही काही आजची माहिती नाही. फॅरनहाइटने १७२४ साली छापलेल्या निबंधात, काचेच्या बंद फुग्यातलं पावसाचं पाणी कडाक्याच्या थंडीतही गोठलं नाही, हे लिहून ठेवलं आहे.

मग शून्य आणि उणे ३८ यांच्या मधल्या पट्ट्यात थेंबाला गोठवतं कोण? आत शिरलेला परका कण. वातावरणात तो बऱ्याचदा वाळवंटातून उडालेल्या खनिज धुळीचा असतो. पण "धूळ थेंब गोठवते" असं म्हणून थांबलं की मुख्य गोष्टच निसटते. थेंब गोठवते ती धुळीच्या कणावरची एखादी जागा. काही नॅनोमीटरची, दुर्मीळ. लाखो कणांमध्ये अशी एखादीच सापडते, आणि थेंबातली सर्वांत चांगली जागा एकटीच निकाल लावते. बाकीच्या जागांना संधीच मिळत नाही. हे एकदा मनात बसलं की पुढे दिलेल्या प्रयोगातली प्रत्येक खबरदारी, चाळीस थेंब का घ्यायचे, पाणी इतकं स्वच्छ का हवं, एकच ताटली पुन्हा पुन्हा का गोठवायची, हे सगळं आपोआप कळतं.

हा प्रयोग शाळा-महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, किंवा थोडी चिकाटी असेल तर घरच्या टेबलावरही होतो. मोजणी खरी असते, खेळ नसतो. संशोधक हेच मोजतात, फक्त त्यांची उपकरणं महाग असतात.

आधी कणावर काय घडतं ते

अतिशीत पाण्यात रेणू सतत बर्फासारखी रचना करून पाहतात आणि ती मोडते. मोडण्याचं कारण पृष्ठभाग. बर्फाचा इवलासा पुंजका तयार झाला की आतल्या रेणूंना फायदा होतो, पण बर्फ आणि पाणी यांच्यातली सीमा उभी करायला ऊर्जा लागते. पुंजका लहान असताना सीमेचा खर्च जास्त असतो, म्हणून तो विरघळतो. एका ठरावीक आकारापुढे हिशेब उलटतो आणि मग बर्फ थांबत नाही. या आकाराला क्रांतिक आकार म्हणतात. उणे ५ ला त्याची त्रिज्या सुमारे १० नॅनोमीटर, उणे १० ला सुमारे ५, आणि उणे ३८ ला जेमतेम दीड नॅनोमीटर. थंडी वाढली की उडी मारायचा अडसर लहान होतो, तो असा.

आता पाण्यात घन पृष्ठभाग आला तर पुंजक्याला पूर्ण गोल व्हायची गरज उरत नाही. पृष्ठभागावर तो टोपीसारखा बसतो. क्रांतिक त्रिज्या तीच राहते, पण टोपीला गोलापेक्षा फार कमी रेणू लागतात. पृष्ठभागाशी बर्फाचं जितकं जमेल तितकी टोपी चपटी आणि अडसर कमी.

"जमणं" म्हणजे नेमकं काय, यावर बरीच वर्षं एकच उत्तर दिलं जायचं: स्फटिकाची जाळी बर्फाच्या जाळीशी जुळली पाहिजे. या उत्तराला वजन होतं. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत बर्नार्ड व्हॉनेगट यांनी स्फटिकांच्या मापांची कोष्टकं चाळून बर्फाशी जुळणारा पदार्थ शोधला, सिल्व्हर आयोडाइड, आणि तो खरोखर चालला. कृत्रिम पावसासाठी तो आजही वापरतात. पण बेरियम फ्लोराइडची जाळीही बर्फाशी छान जुळते आणि तो बर्फ धरवण्यात कच्चा निघतो. म्हणजे माप जुळणं पुरेसं नाही. पृष्ठभागालगतचे पाण्याचे रेणू कोणत्या दिशेला तोंड करून बसतात, पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) कसे आहेत, तिथे भेग किंवा पायरी आहे का, हे सगळं त्यात येतं.

खनिज धुळीच्या बाबतीत चित्र २०१३ मध्ये पालटलं. तोवर नजर केओलिनाइट, इलाइट, माँटमोरिलोनाइट अशा चिकणमातीच्या खनिजांवर होती, कारण हवेतल्या बारीक धुळीत त्यांचाच भरणा असतो. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठातल्या गटाने 'नेचर'मध्ये दाखवलं की धुळीत कमी असलेला पोटॅशियम फेल्डस्पार चिकणमातीपेक्षा कितीतरी पटींनी प्रभावी आहे. वजनाने मागे, कामात पुढे. २०१७ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथल्या संशोधकांनी इतर गटांसह फेल्डस्पारच्या पृष्ठभागावर बर्फाचे स्फटिक उगवताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. ते पुन्हा पुन्हा त्याच भेगांमध्ये, त्याच पायऱ्यांवर उगवत होते, आणि सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला होतं. फेल्डस्पार सहज तडकतो त्या पातळीवर हे घडत नव्हतं. एरवी उघडी न पडणारी, फक्त भेगांमध्ये डोकावणारी वेगळी पातळी तिथे काम करत होती. दुर्मीळ जागा हा शब्द मी वर वापरला, त्यामागे हे आहे.

साहित्य

खनिजांसाठी मातीकामाच्या साहित्याकडे वळा. पोटॅश फेल्डस्पार (वरचा पोटॅशियम फेल्डस्पारच), चिनी माती म्हणजे केओलिन, आणि गारगोटीची म्हणजे क्वार्ट्झची पूड ही तिन्ही झिलई करणाऱ्यांच्या रोजच्या वापरातली आहेत. चौथी कॅल्साइटची पूड घ्या. ती दुबळी निघते आणि तुलनेला उपयोगी पडते.

इथे थांबून एक गोष्ट गंभीरपणे वाचा. ही पूड श्वासावाटे फुप्फुसात जाऊ देऊ नका. क्वार्ट्झच्या बारीक धुळीमुळे सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही, आणि फेल्डस्पारच्या पुडीतही क्वार्ट्झ मिसळलेलं असतं. एन-९५ मुखपट्टी लावा, पूड हळू चमच्याने थेट पाण्यात सोडा, वारा असेल तिथे डबा उघडू नका, आणि सांडलेली पूड झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. मुलं हा प्रयोग करणार असतील तर पूड मोठ्या माणसाने कालवावी. एकदा ती पाण्यात गेली की धोका जवळजवळ संपतो.

बाकीचं साहित्य साधं आहे. थर्मोकोलची खोल पेटी, बारीक फोडलेला भरपूर बर्फ, मीठ, सपाट बुडाचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा, त्यात बसेल अशी ८ ते १० मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी (थेंब घातलेल्या या पट्टीलाच इथे ताटली म्हटलं आहे), डब्यावर झाकायला काच, पेट्रोलियम जेली, दशांश दाखवणारा थर्मोकपल तापमापक, मोबाइल ठेवायला तिवई. थेंब घालायला मायक्रोपिपेट असेल तर उत्तमच. नसेल तर इन्सुलिनची सिरिंज चालते. १०० युनिटला १ मिलिलिटर अशी खूण असलेल्या सिरिंजचा एक युनिट म्हणजे १० मायक्रोलिटर, आपल्याला हवा तेवढाच थेंब. त्याचा व्यास सुमारे २.७ मिलिमीटर होतो.

पट्टी जाड घ्यायचा आग्रह उगाच नाही. पातळ पत्र्यावर एका कोपऱ्यात उणे ८ आणि दुसऱ्यात उणे ११ असं सहज होतं, आणि मग मोजलेल्या आकड्यांना अर्थ राहत नाही.

पाणी: सगळा प्रयोग इथे तरतो किंवा बुडतो

मोजायची जागा दुर्मीळ असते, म्हणून पाण्यातली थोडीशी घाणही तिला झाकून टाकते. नळाचं पाणी बाद. इंजेक्शनसाठीचं निर्जंतुक पाणी ताजी कुपी फोडून घ्या, आणि शक्य असेल तर ते ०.२ मायक्रोमीटरच्या सिरिंज फिल्टरमधून काढा. भांडी साबणाने, मग स्पिरिटने, मग याच पाण्याने विसळा. कागदी रुमालाने पुसू नका, त्याचे तंतू मागे राहतात.

खनिज घालण्याआधी नुसत्या पाण्याची ताटली गोठवून पाहा. ही पायरी टाळायचा मोह प्रत्येकाला होतो. १० मायक्रोलिटरच्या स्वच्छ थेंबांपैकी बहुतेक उणे १५ पर्यंत द्रव राहिले पाहिजेत. चाळीसपैकी दहा-पंधरा थेंब उणे ८ लाच पांढरे झाले तर खनिजाकडे वळू नका. पाणी, पट्टी किंवा जेली, कुठेतरी मळ आहे. तो सापडेपर्यंत पुढच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येणार नाही. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यात एखादा अख्खा दिवस जातो. तो दिवस द्या.

खनिजाचं पाणी कसं कालवायचं

१ ग्रॅम पूड १०० मिलिलिटर पाण्यात टाकून झाकण लावा आणि पाच मिनिटं जोरात हलवा. मग १० सेंटिमीटर उंच पाणी राहील अशा सरळ भांड्यात २० मिनिटं स्थिर ठेवा. पाण्यात बुडत्या कणांचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. फेल्डस्पारचा १० मायक्रोमीटरचा कण १० सेंटिमीटर उतरायला सुमारे २० मिनिटं घेतो, २ मायक्रोमीटरच्या कणाला त्यासाठी आठ तास लागतात. म्हणजे वीस मिनिटांनी वरचं दुधट पाणी अलगद काढलं की भरड माल खाली राहतो आणि हवेत दूरवर जाणाऱ्या धुळीच्या जवळपासचे कण हाती येतात.

या दुधट पाण्यात आता किती खनिज उरलं, ते मोजावं लागतं. ५० मिलिलिटर पाणी वजन केलेल्या वाटीत पूर्ण आटवा आणि वाटी पुन्हा वजन करा. मग पाणी घालून वजनाने ०.१ टक्का होईल असं पातळ करा. त्याचाच एक भाग दहापट पातळ करून ०.०१ टक्क्याची दुसरी बाटलीही भरा. ती पुढे लागेल.

थेंब घालताना दर दोन-तीन थेंबांनंतर बाटली हलवा. सिरिंज उभी धरून गप्पा मारत बसलात तर कण सुईकडे गोळा होतात, आणि पहिले थेंब गढूळ, शेवटचे जवळजवळ कोरे पडतात. चुका होतात त्यात ही सर्वांत मोठी, आणि नंतर एकाच ताटलीच्या आलेखावरून ती ओळखूही येत नाही.

ताटली आणि थंडी

पट्टी किंचित कोमट करून तिच्यावर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ, सलग थर द्या. त्यामुळे थेंब पसरत नाहीत, आणि धातूवरचे ओरखडे पाण्याला लागत नाहीत. पाच ओळी, प्रत्येकीत आठ थेंब, दोन थेंबांत निदान ८ मिलिमीटर अंतर. प्रत्येक जागेला क्रमांक द्या. थर्मोकपलचं टोक पट्टीत भोक पाडून, किंवा तिच्यावर उष्णतावाहक लेप लावून, थेंबांच्या मधोमध घट्ट बसवा.

डब्यात पट्टी ठेवताना खाली स्पिरिटचे काही थेंब टाका, म्हणजे मधे हवा अडकत नाही. डबा काचेने झाका. दमट हवा आत शिरली की पट्टीवर हिमकण धरतात, पसरत जातात आणि थेंबाला शिवतात. असा थेंब धुळीमुळे गोठलेला नसतो. डब्याच्या थंड भिंती बरीचशी वाफ स्वतःकडे ओढून घेतात, ही या रचनेतली चांगली बाब. तरीही आत सिलिका जेलची एक पुडी ठेवावी.

आता थर्मोकोलच्या पेटीत बर्फ आणि थोडंसंच पाणी घेऊन त्यात डबा बसवा आणि तापमान शून्याजवळ स्थिर होऊ द्या. मग मीठ एकदम ओतू नका. दर मिनिटाला चमचाभर घाला आणि ढवळत राहा. द्रावणात १० टक्के मीठ झालं की ते उणे ६.६ ला पोचतं, १५ टक्क्यांना उणे १०.९, २० टक्क्यांना उणे १६.५, आणि २३.३ टक्क्यांना उणे २१.१. याखाली साधं मीठ जात नाही. मिनिटाला सुमारे १ अंश हा वेग चांगला. बर्फ वितळून द्रावण पातळ होत राहतं, म्हणून मधूनमधून खालचं पाणी काढून नवा बर्फ आणि मीठ घाला. पेल्टिए यंत्र, म्हणजे विजेवर थंड होणारी पट्टी, असेल तर ही कसरत वाचते, पण मिठाच्या पद्धतीने आकडे वाईट येतात असं मुळीच नाही.

मोबाइल वरून लावा, चौकटीत तापमापकाचा पडदाही दिसला पाहिजे. उजेड एका बाजूने तिरका पाडा. द्रव थेंबात दिव्याचं चकचकीत प्रतिबिंब दिसतं आणि गोठताक्षणी थेंब मंद पांढरा होतो. हा क्षण चुकत नाही. उणे १५ ला गोठणाऱ्या थेंबातलं जवळजवळ एक पंचमांश पाणी क्षणात बर्फ होतं. त्यातून सुटलेली उष्णता थेंबाला शून्यापर्यंत तापवते आणि उरलेलं पाणी सावकाश गोठतं. बर्फ धरताना थेंब आधी गरम होतो, हे कितीदाही पाहिलं तरी मला नवल वाटतं.

सगळं गोठल्यावर थांबू नका. डबा बाहेर काढून पट्टी हळूहळू तापू द्या आणि थेंब कधी वितळतात ते पाहा. गोठणं लहरी असतं, वितळणं मात्र शून्यालाच होतं. वितळताना तापमापक उणे ०.८ दाखवत असेल तर त्याचा दोष तुम्हाला कळला, आणि सगळे आकडे तेवढे सरकवून घ्या.

मोजणी

चित्रफीत पाहून प्रत्येक थेंबापुढे तो गोठला ते तापमान लिहा. मग दर अर्ध्या अंशाला आतापर्यंत एकूण किती थेंब गोठले ते मोजून त्याला चाळीसने भागा. हे झालं गोठलेल्यांचं प्रमाण. ते तापमानासमोर मांडलं की एक वक्र मिळतो.

इथून जागांच्या संख्येकडे जायला एक साधा विचार लागतो. जागा थेंबांमध्ये योगायोगाने वाटल्या जातात. एखाद्या थेंबात दोन-तीन पडतात, एखाद्यात एकही नाही. न गोठलेला थेंब म्हणजे ज्यात त्या तापमानापर्यंत जागी होणारी एकही जागा नाही असा थेंब. त्यामुळे थेंबामागे सरासरी जागा किती, हे न गोठलेल्यांच्या प्रमाणावरून निघतं: एकातून गोठलेल्यांचं प्रमाण वजा करा, कॅल्क्युलेटरवर त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या, आणि चिन्ह बदला. मग थेंबातल्या खनिजाच्या एकूण पृष्ठफळाने भागा. पाण्याच्या थेंबांसाठी हाच विचार गॅबोर वाली यांनी १९७१ मध्ये मांडला आणि आजही सगळे तो वापरतात.

पृष्ठफळ असं काढा. गोल कणांच्या पुडीचं दर ग्रॅमला पृष्ठफळ म्हणजे ६ भागिले (घनता गुणिले व्यास). फेल्डस्पारची घनता घन सेंटिमीटरला २.५६ ग्रॅम आणि सरासरी व्यास २ मायक्रोमीटर धरला तर ग्रॅमला १.१७ चौरस मीटर येतं. ०.१ टक्क्याच्या १० मायक्रोलिटर थेंबात खनिज असतं ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ०.१२ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग. खरे कण खडबडीत असतात, त्यांचं पृष्ठफळ याहून जास्त भरतं. पण सगळ्या खनिजांना एकच रीत लावली तर तुलनेला बाध येत नाही.

उदाहरणादाखल धरा की उणे ८ पर्यंत ६ थेंब गोठले, उणे १० पर्यंत २०, उणे १२ पर्यंत ३६. थेंबामागे सरासरी जागा येतात ०.१६, ०.६९ आणि २.३. चौरस सेंटिमीटरला सुमारे १.४, ५.८ आणि १९. चांगला पोटॅश फेल्डस्पार असेल तर या घराच्या आसपासचेच आकडे मिळतील, काही अंश इकडेतिकडे. नुसत्या पाण्याच्या ताटलीसाठीही थेंबामागच्या जागा काढा आणि त्या वजा करा. वजाबाकी जागांची करायची, प्रमाणांची नाही.

आता या आकड्यांकडे नीट पाहा. अशा एका थेंबात २ मायक्रोमीटरचे सुमारे ९ लाख कण आहेत, आणि उणे १० ला कामी येणारी जागा सरासरी एकही भरत नाही. तेही सर्वांत प्रभावी खनिजांपैकी एकाच्या बाबतीत.

पहिले एक-दोन आणि शेवटचे एक-दोन थेंब फार मनावर घेऊ नका, तिथे योगायोगच जास्त बोलतो. तीन ताटल्या करून १२० थेंब एकत्र केले की वक्र स्थिरावतो.

तीच ताटली पुन्हा गोठवा

माझ्या मते सगळ्या प्रयोगाचा गाभा हा आहे. वितळलेले थेंब आहेत तिथेच ठेवून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गोठवा. बाष्पीभवन टाळायला सुरुवातीलाच थेंबांवर स्वच्छ लिक्विड पॅराफिनचा थर द्या. ते पाण्यापेक्षा हलकं असतं, थेंब तळाशी राहतात. मग आलेखाच्या आडव्या अक्षावर प्रत्येक थेंबाचं पहिल्या खेपेचं तापमान आणि उभ्या अक्षावर दुसऱ्या खेपेचं मांडा.

गोठणं निव्वळ योगायोग असता तर ठिपके चहूकडे विखुरले असते. फेल्डस्पारचे ठिपके तिरप्या रेषेला धरून बसतात. सतरा क्रमांकाचा थेंब पहिल्या खेपेला लवकर गोठला असेल तर दुसऱ्या खेपेलाही तो बहुधा आघाडीवरच असतो, कारण त्यातली ती जागा तिथेच आहे. रेषेभोवती थोडा फैलाव उरतो तोही खरा आहे: त्या जागेवर पुंजका नेमका कधी उडी मारेल, एवढ्यापुरता योगायोग शिल्लक असतो. थंड करण्याचा वेग दहापट बदलला तरी फेल्डस्पारचा वक्र एखाद्या अंशाच्या आतच सरकतो, याचं कारणही हेच.

०.०१ टक्क्याची बाटली आता काढा. थेंबामागे जागा दहापट कमी झाल्याने सगळे थेंब जास्त थंडीत गोठतील. पण पृष्ठफळाने भागल्यावर दोन्ही वक्र एकाच रेषेवर यायला हवेत. आले नाहीत तर कण गोळे होऊन बसत आहेत, नाहीतर थेंब घालताना गाळ खाली बसला होता.

खनिज की जीवाणू?

मातकट जमिनीवरची किंवा पानांवरची धूळ तपासायची असेल तर एक सावधगिरी हवी. स्यूडोमोनास सिरिंगे या जीवाणूची काही प्रथिनं उणे २ च्या आसपासच बर्फ धरवतात, कोणत्याही खनिजाच्या आधी. म्हणून निम्मं पाणी बंद नळीत अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवा आणि दोन्ही ताटल्या ताडून पाहा. उकळल्यावर वक्र खाली घसरला तर ते काम प्रथिनांचं असण्याची दाट शक्यता आहे. ही परीक्षा आंधळेपणाने लावू नका, कारण क्वार्ट्झ आणि प्लॅजिओक्लेज (सोडियम-कॅल्शियमचा) फेल्डस्पारही ओल्या उष्णतेने मंदावतात. पोटॅश फेल्डस्पार टिकून राहतो.

खनिजांची आपसांत तुलना करताना केओलिन आणि कॅल्साइट मागे पडतील. क्वार्ट्झ गोंधळात टाकतं: ताजी दळलेली पूड चांगली चालते, पाण्यात बरेच दिवस राहिली की तिची धार जाते. म्हणून दळल्याची आणि भिजवल्याची तारीख बाटलीवर लिहा. सोडा (सोडियमचा) फेल्डस्पार सहसा पोटॅशपेक्षा कच्चा असतो, पण अपवाद भेटतात. हौस असेल तर फेल्डस्पारच्या पाण्यात किंचित अमोनियम सल्फेट घालून पाहा. त्याने तो जास्त तरतरीत होतो. मीठ घातलं तर उलटा परिणाम होतो, आणि तो मिठामुळे गोठणबिंदू जेवढा उतरतो त्याहून जास्त असतो.

ताटलीवरून ढगाकडे

ताटलीवरच्या एका थेंबात लाखो कण होते. ढगातल्या १०-२० मायक्रोमीटरच्या थेंबात धुळीचा असलाच तर एखादा कण असतो. म्हणून पृष्ठफळाने भागण्याची खटपट केली. तो आकडा कोणत्याही आकाराच्या थेंबाला लावता येतो. कार्ल्सरूहेच्या मोठ्या ढगपात्रात, म्हणजे कृत्रिम ढग तयार करायच्या बंद टाकीत, वेगवेगळ्या वाळवंटांची धूळ तपासून २०१२ मध्ये जे समीकरण मांडलं गेलं, त्यात तापमान साडेचार अंशांनी उतरलं की जागा दहापट होतात. त्यावरून १ मायक्रोमीटर व्यासाच्या कणांचा हिशेब मी केला: उणे १५ ला सुमारे अठरा हजारांत एक कण बर्फ धरवतो, उणे २० ला सुमारे चौदाशेंत एक, उणे ३० ला सात-आठांत एक.

ढगात हा एकच गोठलेला थेंब पुरतो. शून्याखाली बर्फावरचा बाष्पदाब पाण्यावरच्या बाष्पदाबापेक्षा कमी असतो. त्यामुळे गोठलेला थेंब भोवतालची वाफ ओढून वाढत जातो आणि शेजारचे द्रव थेंब आटत जातात. जर्मन हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९११ मध्ये ही कल्पना सुचवली होती, पुढे बर्गेरॉन आणि फिंडायझेन यांनी ती पावसाला लावली. स्फटिक जड होऊन खाली येतो, आणि वाटेत हवा ऊबदार असेल तर वितळून जमिनीवर पावसाचा थेंब म्हणून पडतो.